आठ पायऱ्यांचा अंदाज

४ फेब्रुवारी

आत्या,

उभी असशील तर आधी खुर्ची ओढ. फोनच करणार होतो, पण तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी इतकं ओरडून सांगतो, की आमचं अख्खं ऑफिस हल्ली तुझ्या तब्येतीची चौकशी करतं. म्हणून पत्र.

तर, तुझा भाचा साहेब झाला. ‘प्रमुख, पूर-नुकसान अंदाज कक्ष’ अशी पाटी माझ्या टेबलावर आली आहे. पाटी लांब आणि टेबल तोकडं, त्यामुळे चहाचा कप आता खिडकीत ठेवावा लागतो.

काम काय, ते थोडक्यात सांगतो. नदी चढली तर कुठल्या गल्लीत किती पाणी शिरेल आणि कुणाचं किती नुकसान होईल, हे आम्ही पूर यायच्या आधीच मांडून ठेवतो. त्याला तीन गोष्टी लागतात: पाणी कुठून नि कुठवर येणार, घर कशाचं बांधलंय, आणि त्याचं जोतं रस्त्यापासून किती उंच आहे. हे सगळं भरलं की संगणक दोन मिनिटं घुरघुरतो आणि आकडा देतो. ती दोन मिनिटं मी फार महत्त्वाचा माणूस असल्यासारखा चेहरा करून बसतो.

नदीकाठच्या सव्वीस गल्ल्यांचा तक्ता गेल्या आठवड्यात वर गेला. ज्यांचं नुकसान सगळ्यात जास्त, अशा पहिल्या तीन गल्ल्यांचं संरक्षणाचं काम आधी हाती घेणार. तुझी गल्ली नदीला खेटून, म्हणून मी जरा धास्तावलोच होतो. पण आनंदाची बातमी ऐक. तुझी गल्ली एकविसावी आली! जवळपास काही होत नाही तुम्हाला. तुमच्या पानाची प्रत सोबत जोडतोय, शेजारीपाजारी दाखव. आता निर्धास्त झोप.

तुझा,
ठोंब्या (साहेब)


११ फेब्रुवारी

ठोंब्या,

खुर्चीत बसून वाचलं ते बरं झालं, नाहीतर हसून पडले असते.

पाटीबद्दल अभिनंदन. तुझा बाप असता तर पाटी बघायला पहिल्या गाडीने आला असता. मी ओट्यावर ऊन आहे तोवर हे लिहून टाकतेय.

आता कामाचं बोलू. तू पाठवलेल्या पानावर आमच्या गल्लीतली चौऱ्याऐंशी घरं आहेत, आणि जोत्याच्या रकान्यात चौऱ्याऐंशी वेळा एकच आकडा आहे. एकशे वीस सेंटीमीटर. अरे, मी एकतीस वर्षं या भागात विजेचे मीटर वाचले. दोन शेजाऱ्यांचे आकडे सारखे आले, तरी मी परत जाऊन बघायची. चौऱ्याऐंशी सारखे लिहून नेले असते तर मला घरी बसवलं असतं. तुला त्यांनी पाटी दिली.

एवढं उंच जोतं गल्लीत एकाच घराचं आहे, आपल्या. तुझ्या काकांनी हट्टाने आठ पायऱ्या बांधल्या. लोक विचारायचे, ‘घर बांधताय की किल्ला?’ बाकीच्यांच्या दोन पायऱ्या, फार तर तीन.

दुसरं म्हणजे तुझ्या नकाशात पाण्याचा बाण नदीकडून येतोय. माझ्या आठवणीत चार वेळा पाणी आलं, एकदाही नदीकडून आलं नाही. ते मागून येतं, नाल्यातून. नदी चढली की नाल्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, तो उलटा फिरतो आणि आमच्या परसात शिरतो. पुढच्या दारात उभा राहून नदीवर लक्ष ठेवणारा माणूस मागून भिजतो. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तुमच्या संगणकाच्या कानावर घालायचं राहिलं वाटतं.

ते एकशे वीस आणलेस कुठून, तेवढं सांग.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं. पाटीसमोर वाचवेना.

एकशे वीस कुठून आणले? आता तुझ्यापासून काय लपवायचं. तक्ता दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि तुमच्या गल्लीच्या जोत्यांचा रकाना कोरा होता. मोजणीला माणूस पाठवायचा तर तीन सह्या लागतात, त्यातली एक सहीवाली रजेवर. तेव्हा मला आठवलं, की त्या गल्लीतलं एक घर मला आतून-बाहेरून माहीत आहे. आठ पायऱ्या पक्क्या लक्षात आहेत, कारण सातव्या वर्षी त्या आठही मी एका उडीत उतरलो होतो आणि हनुवटीला टाके पडले होते. एक पायरी पंधरा सेंटीमीटरची धरली. आठ गुणिले पंधरा. संगणकावर एका चौकटीचा कोपरा धरून खाली ओढला की तोच आकडा खालच्या सगळ्या चौकटींत उतरतो. मी ओढला. दीड सेकंदात तुमची सगळी गल्ली काकांच्या हट्टाएवढी उंच झाली.

अहवालात याला मी ‘स्थानिक निरीक्षणावर आधारित’ असं म्हटलंय. वाक्य वाचताना तेव्हा छाती फुगली होती.

मॅडमना, म्हणजे आमच्या संचालकांना, अजून बोललो नाही. बढती त्याच तक्त्यावर मिळालीय. आणि मला वाटतं, फरक कदाचित फारसा पडणारही नाही. तूच जरा मोजून देतेस का? अगदी गुपचूप. दुरुस्तीला पंधरा मेपर्यंत मुदत आहे. आकडे थोडेच हलले तर मी मूग गिळून बसेन. खूप हलले तर बघू.

तुझा,
ठोंब्या (कंसातला शब्द तूर्त काढलाय)


१६ मार्च

ठोंब्या,

गुपचूप म्हणालास. या गल्लीत गुपचूप शिंकतासुद्धा येत नाही.

मला वाकता येत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याला बरोबर घेतलं. टेप त्याची, वाकणं त्याचं, वही माझी. पहिल्या दिवशी तो प्रत्येक जोत्याला सवयीने अर्धा इंच जास्त धरत होता, शिलाईला ठेवतात तसा. माझ्या लक्षात आलं तोवर सहा घरं झाली होती. परत मोजली.

लोकांना वाटलं, कर वाढणार. एकीने खालची पायरी गोणपाटाखाली झाकली आणि वर स्वतः बसली. शेवटी मी खरं काय ते सांगून टाकलं: माझ्या भाच्याने ऑफिसात घोळ घातलाय, तो निस्तरतेय. मग काय, सगळी दारं उघडली. दुसऱ्याच्या भाच्याचा घोळ निस्तरायला माणसं फार उत्साहाने येतात. कपाटंसुद्धा सरकवून दिली. मागच्या पुराच्या रेघा बघायच्या तर कपाटामागेच बघाव्या लागतात. भिंती दर दोन वर्षांनी रंगवतात, कपाटामागे कुणी ब्रश घालत नाही. एकूण एकतीस रेघा सापडल्या, त्यांचीही उंची लिहिलीय. मागच्या बाजूच्या भिंतींवर त्या जास्त उंच आहेत, पुढे कमी. तुझा बाण तूच फिरव आता.

जोती अशी: आठ पायऱ्यांचं एक घर. तीन पायऱ्यांची तेवीस, दोनची चव्वेचाळीस, एकाच पायरीची सोळा. शिवाय एकोणीस घरांना मागे नाल्याच्या बाजूला खोल्या आहेत, त्या रस्त्याच्याही खाली आहेत. त्याही मोजल्यात. आपल्या घराचं तुला ठाऊकच आहे.

वही सवयीने मीटरवार लिहिलीय. एक मीटर, एक ओळ. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला घर दिसतच नाही.

फरक पडतोय ना? मग मूग गिळू नकोस, ते पचायला जड असतात.

आत्या


२४ मार्च

आत्या,

फरक किती पडतोय ते नंतर सांगतो. आधी ओळ बासष्ट आणि त्रेसष्ट.

बासष्ट: आपलं घर, आठ पायऱ्या, मीटर नर्सबाईंच्या नावावर, भाडेकरू. त्रेसष्ट: आपलंच घर, मागची खोली, रस्त्यापेक्षा पंचेचाळीस सेंटीमीटर खाली, मीटर तुझ्या नावावर, गेल्या महिन्यात एकवीस युनिट. बंद खोली एकवीस युनिट जाळत नाही, हे मला लहानपणी कुणी शिकवलं होतं?

ती काकांची हत्यारं ठेवायची खोली ना? तिथे राहतेस तू? कधीपासून? आणि वर मला ‘ओट्यावर ऊन आहे’ म्हणून लिहितेस. कुठला ओटा?

तुला लपवायचं होतं तर ओळ गाळायची होतीस. पण मीटर गाळणं तुझ्या हातून झालं नाही, आणि म्हणून मी तुझ्यावर धड चिडूही शकत नाही.

आणखी एक सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. आमच्या तक्त्यात रस्त्याखालच्या खोलीला एकच नाव आहे: अडगळ. त्यापुढे लिहिलंय, ‘रिकामे डबे, मोडकं सामान, नुकसान नगण्य.’ हे नाव मी ठेवलं. मी, इथे सहाव्या मजल्यावर बसून. सकाळपासून तुझ्यावर रागावून लिहायला बसलोय आणि सगळा राग माझ्यावरच निघतोय. नऊ वर्षांत एकदा जरी येऊन गेलो असतो, तरी मला काय मोजायचं ते कळलं असतं.

इकडे ये. जागा आहे, लिफ्ट आहे, आणि तुझी सून रोज विचारते.

ठोंब्या


३० मार्च

ठोंब्या,

तर मी अडगळ. नगण्य. बरं झालं लेखी कळवलंस, शिंप्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘बाई, तुम्ही मोडकं सामान की रिकामा डबा?’ मी म्हटलं, गुडघ्यांपुरतं मोडकं सामान.

दोन वर्षं झाली. वर आठ पायऱ्या चढायच्या, मागे तीन उतरायच्या. तुझ्या काकांनी मला पुरापासून वाचवलं, गुडघ्यांचा विचार करायचं राहून गेलं त्यांच्याकडून. नर्सबाईंना घर हवं होतं, मला पायऱ्या नको होत्या. खोलीला रंग दिला, खिडकी मोठी केली, पुढे दोन हात लांब सिमेंटचा कट्टा आहे, त्यालाच मी ओटा म्हणते. खोटं बोलले नाही, जरा मोठं करून सांगितलं.

तुला का नाही सांगितलं? तू धावत आला असतास आणि मला उचलून लिफ्टवाल्या घरात ठेवलं असतंस. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली रे. एकतीस वर्षं जगाच्या पायऱ्या चढले आणि स्वतःच्या घरच्या चढता येईनात. हे कुणाला पत्रात लिहायचं?

मी काही एकटी नाही. त्या एकोणीस खोल्यांत तेवीस माणसं राहतात आणि जवळजवळ सगळी माझ्या वयाची. मुलं-सुना वर, म्हातारे मागे. कुणी कुणाला हाकललेलं नाही. पायऱ्या कमी म्हणून एकेक जण आपणहून खाली सरकत गेला, आणि वरच्यांनाही ते सोयीचं झालं.

पण तू विषय बदलू नकोस. मी कुठे राहते ते सापडलं म्हणून तुझी चूक लहान होत नाही. मॅडमना सांगितलंस का? पत्रात एक अक्षर नाही त्याबद्दल. तेव्हा समजले.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

सांगितलं. त्यासाठी तीन आठवडे लागले, त्यातले दोन आठवडे आणि सहा दिवस तोंड उघडण्यात गेले.

तुझी वही छातीशी धरून मॅडमच्या खोलीत गेलो. म्हटलं, एका गल्लीच्या आकड्यांत दुरुस्ती आहे. त्यांनी जुना अहवाल काढला, चष्मा लावला आणि विचारलं, “इथे ‘स्थानिक निरीक्षण’ लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?”

मी म्हटलं, “माझी हनुवटी, मॅडम.”

मग सगळंच सांगावं लागलं. पायऱ्या, उडी, टाके, कोपरा धरून ओढणं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नंतर त्यांनी तुझी वही उघडली, आणि आत्या, ती त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तेवढा वेळ मी उभाच.

“हे कुणी मोजलं?”

“एक निवृत्त मीटर रीडर आणि एक शिंपी.”

“आणि आपल्याकडे असं काम कोण करतं?”

“कोणी नाही, मॅडम.”

“उरलेल्या पंचवीस गल्ल्यांचं निरीक्षणसुद्धा तुमच्या हनुवटीवरूनच आहे का?”

तेवढं नव्हतं, पण फार बरंही नव्हतं. आता मी टेप घेऊन त्या पंचवीस गल्ल्या फिरणार आहे. पाटी परत घेतली. चहाचा कप टेबलावर आला.

आता बातमी. खरी जोती घातली, बाण नाल्याकडून फिरवला, ‘अडगळ’ खोडून ‘राहती खोली’ लिहिलं आणि संगणक चालवला. तुमची गल्ली एकविसाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आली. नाल्याच्या तोंडाला झडप बसवायचं मंजूर झालंय. नाल्याचं पाणी बाहेर जाऊ देईल, पण उलटं आत येऊ देणार नाही अशी. फक्त ती बसेल पुढच्या वर्षी. यंदाचा हंगाम तसाच काढायचाय.

खोल्या राहत्या झाल्यामुळे मॅडमनी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवायला लावला. तो तांत्रिक आहे, तुला कंटाळा येईल.

ठोंब्या (नुसता)


२६ एप्रिल

ठोंब्या,

मॅडमपुढे बोललास, शाबास. पाटी गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कप पडून कागद भिजतील, तेवढं सांभाळ.

झडपेचं गल्लीत सांगितलं. शिंपी तर अशा थाटात फिरतोय की झडप त्यानेच शिवून दिलीय.

आता मला सांग, तो रकाना कसला? लहानपणी तू ‘काही नाही’ म्हणालास की मी आधी काचेची भांडी मोजायची. आता तू ‘तांत्रिक’ म्हणतोस. वय वाढलं, सवय तीच.

त्या खोलीत राहणारी मी आहे. जे काय आहे ते लिही.

आत्या


३ मे

आत्या,

चार कागद फाडले, हा पाचवा.

त्या रकान्याचं नाव आहे ‘बाहेर पडू न शकणारे’. तू मोजलेल्या रेघा नाल्याच्या मापांशी जुळवल्यावर आम्हाला कळलं, की नाला उलटला तर मागच्या खोल्यांत पहिला ओलावा दिसल्यापासून छातीएवढं पाणी व्हायला साधारण पस्तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात आतल्या माणसाने उठायचं, पायऱ्या चढायच्या, घराला वळसा घालून पुढे यायचं आणि पुन्हा पायऱ्या चढायच्या. दुपारची वेळ धरली, घरचे कामावर गेलेले धरले, तेवीस माणसांची वयं धरली. संगणक घुरघुरला. या वेळी मला कुठलाही चेहरा करता आला नाही.

आकडा आला चार.

तेवीसपैकी चार, आत्या. कोण ते तो सांगत नाही, त्याला नावं कळत नाहीत. तो फक्त चार म्हणतो. मॅडमना मी विचारलं, पुन्हा चालवू का? त्या म्हणाल्या, चालवा. परत चार.

आता तरी ये इकडे. पाया पडतो.

तुझा,
ठोंब्या


१० मे

ठोंब्या,

चार. बरं.

पत्र दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, घाबरले. मग वाटलं, मी तुझ्याकडे आले तर माझ्यापुरता प्रश्न सुटेल आणि इथे बावीस माणसं उरतील, चार तशीच. म्हणजे माझा वाटा दुसऱ्या कुणावर टाकून मी लिफ्टमध्ये बसायचं. ते काही जमायचं नाही.

तुझा संगणक चौघं कोण ते सांगत नाही ना? उत्तम. त्याला सांगूच देऊ नकोस. तो आकडा आणि ती पस्तीस मिनिटं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, तुमच्या ऑफिसच्या सहीशिक्क्यानिशी मला पाठव. मॅडमची सही आण. तुझी इथे कुणी वाचणार नाही, सगळ्यांना तू माहीत झाला आहेस.

आत्या


९ जुलै

आत्या,

कागद पाठवला त्याला दोन महिने होत आले. मॅडमनी शिक्का स्वतः मारला. तुझी मधे फक्त दोन ओळींची चिठ्ठी आली, ‘कागद मिळाला, कामात आहे.’

काल दुपारपासून आमच्या पडद्यावर तुमच्या नाल्याजवळचा बाण लाल आहे. तुझा फोन लागत नाही, शिंप्याच्या दुकानाचा लागत नाही. रस्ता बंद म्हणून गाडीवाल्याने मला स्टँडवरूनच परत पाठवलं. तू सांगितलेल्या दिशेने मीच तो बाण काढलाय आणि आता त्याच्याकडे बघवत नाही. हे पत्र टाकतोय खरं, कधी पोचेल देव जाणे. एक ओळ लिही. नुसता भोपळा काढून पाठवलास तरी चालेल.

ठोंब्या


१४ जुलै

ठोंब्या,

जिवंत आहे. हात चिखलाने भरलेत, म्हणून अक्षर असं.

सगळं क्रमाने सांगते. तुझा शिक्क्याचा कागद घेऊन मी आणि शिंपी दारोदार गेलो. म्हाताऱ्यांकडे गेलोच नाही, आधी वर मुलांकडे गेलो. जो तो म्हणायचा, ‘वर जागा कुठंय, आत्याबाई?’ आता गल्लीभर मला आत्याबाईच म्हणतात, तुझ्या कृपेने. मी कागद पुढे करायची. ‘चार लिहिलंय. त्यांत तुझी आई आहे की नाही, ते लिहिलेलं नाही. नाही याची तुला खात्री असेल, तर राहू दे तिला खाली.’

खात्री एकालाही देता आली नाही. एक जण तर कागद वाचून तिथल्या तिथे आईची खाट उचलायला गेला. ती आत भाजी निवडत बसली होती, तिला काही कळेना.

म्हातारेही प्रत्येक जण मला बाजूला घेऊन विचारत होते, ‘मीच ना गं?’ मी म्हणायची, माहीत नाही. मलाही वाटत होतं, मीच. नर्सबाईंनी पुढची खोली मला रिकामी करून दिली. आठ पायऱ्या मी बसून, उलट्या तोंडाने चढते. सगळी गल्ली बघते, बघू दे.

जून संपेपर्यंत बावीस माणसं वर गेली. राहिला तो पैलवान. एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. म्हणाला, ‘चौघांत मी? एका हाताने शिंप्याला उचलायचो मी!’

आठ तारखेला दुपारी पावणेतीनला नाला उलटला. मी वरून परसात ओल बघितली आणि ओरडले. घरोघरची कर्ती माणसं कामावर होती, अगदी तुझ्या संगणकाने धरली होती तशी. शिंपी धावला. पैलवान झोपला होता, पाणी खाटेला लागलं तरी उठेना, उठल्यावर पायात बळ येईना. शिंप्याने त्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून आणला. एवढासा शिंपी! वर आल्यावर दोघंही रडत होते.

माझ्या खोलीत पाणी खिडकीच्या वर गेलं. ओसरल्यावर मी खाली जाऊन माझ्या खाटेच्या जागी उभी राहिले. भिंतीवरची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. मी तिथे असते रे. दुपारची झोपलेलीच असते.

पुढच्या घरांत दोन-तीन पायऱ्यांवर पाणी गेलं, सामान भिजलं, दोन भिंती बसल्या. मागच्या खोल्यांत एकोणीसच्या एकोणीस गाद्या गेल्या. माणूस एकही नाही. तू चार सांगितले होतेस, झाले शून्य. तुझा अंदाज पुन्हा चुकला, ठोंब्या. मॅडमना काय सांगायचं ते तूच बघ.

आत्या


२२ जुलै

आत्या,

तुझं पत्र मी जिन्यात नाही, भर ऑफिसात वाचलं. तिसऱ्या पानावर माझा आवाज बसला म्हणून पुढचं मॅडमनी मोठ्याने वाचलं. पैलवानापाशी त्यांचाही बसला. मग शिपायाने संपवलं.

पूर गेला की आम्हाला एक तक्ता भरावा लागतो. पहिला रकाना अंदाजाचा, दुसरा प्रत्यक्षाचा, तिसरा फरकाचा. घरांच्या नुकसानीत या वेळी फरक थोडाच आहे, तुझ्या नि शिंप्याच्या टेपची करामत. मग तो शेवटचा रकाना आला. अंदाज: चार. प्रत्यक्ष: शून्य. त्यापुढे चौकट असते, ‘फरकाचे कारण’. इतर वेळी तिथे आम्ही ‘माहिती अपुरी’ लिहून मोकळे होतो.

मी लिहिलं, ‘आत्या’.

मॅडमनी खोडलं. म्हणाल्या, नातेवाईक हे कारण धरता येत नाही. मग मी अर्धा तास बसलो आणि लिहिलं, ‘ज्यांच्याबद्दलचा अंदाज होता, त्यांना तो जाऊन सांगण्यात आला.’ त्यावर त्यांनी सही केली आणि हुकूम काढला, की यापुढे सव्वीसही गल्ल्यांत आधी हेच करायचं.

रस्ता उघडलाय. शनिवारच्या गाडीने निघतोय. एकोणीस गाद्या काही आणता येणार नाहीत, एक आणतो. ती वर पुढच्या खोलीत टाकू, आणि मी चार दिवस जमिनीवर झोपेन. तुला पोटभर ओरडायला समोर कुणीतरी हवं.

तुझा,
ठोंब्या